सोसायटीच्या गच्चीवर चार बँड: मोजक्या जागेतला एचएफ अँटेना

हौशी रेडिओसाठी (हॅम रेडिओ) एचएफचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा, अँटेना लावायचा म्हटलं की बहुतेक जण आधी टेप घेऊन गच्ची मोजायला निघतात. मी म्हणेन, आधी कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी, बाहेरून जाळी असलेली केबल) गच्चीवरून खाली कुठून उतरणार ते ठरवा. सोसायटीच्या इमारतीत याला फार पर्याय नसतात: पाण्याच्या पाइपांचा डक्ट, टीव्हीच्या केबली जिथून सोडल्यात तो कोपरा, नाहीतर तुमच्या खिडकीच्या बरोबर वरचा कठडा. ही जागा कडेला असेल तर टोकाला फीड होणारी (तिथेच कोॲक्स जोडलेली) अर्ध्या तरंगलांबीची तार, म्हणजे एंड-फेड हाफ-वेव्ह, सोयीची. जिना किंवा लिफ्टच्या खोलीतून, म्हणजे साधारण मध्यावरून कोॲक्स उतरवता येत असेल तर मधोमध फीड होणारा, दोन सारख्या बाजूंचा डायपोल घ्या. कोॲक्स गच्चीभर फिरवून उलटसुलट केलं, तर पुढे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप, एक म्हणजे उत्तम) आणि गोंगाट यांच्याशी झगडण्यातच वेळ जातो.

दुसरं काम, एखादा शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास लावून संध्याकाळी गच्चीवर सगळीकडे फिरवा. लिफ्टच्या मोटरचा ड्राइव्ह, सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर, जिन्यातले एलईडी दिवे, केबलवाल्याचा ॲम्प्लिफायर, प्रत्येकाची घरघर वेगळी आणि चार-पाच मीटर दूर गेलं की बरीच कमी होणारी. अँटेनाचं फीडचं टोक सगळ्यात शांत कोपऱ्यात यावं. गच्चीचा नकाशा काढताना हे कोपरे त्यावर मांडून ठेवा.

उदाहरणाला नेहमी दिसणारी गच्ची घेऊ: १४ मीटर बाय ९ मीटर, मध्यावर ३ मीटर उंच लिफ्टची खोली, कोॲक्स उतरवायला एका कोपऱ्यातला डक्ट. हवे असलेले बँड, म्हणजे तरंगलांबीवरून ओळखले जाणारे पट्टे, ४०, २०, १५ आणि १० मीटर (साधारण ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ). आपल्याकडे ४० मीटरचा पट्टा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढाच आहे. अमेरिकेत तो ७.३०० पर्यंत जातो, त्यामुळे तिकडच्या आराखड्यातली लांबी जशीच्या तशी कापू नका. आपल्यासाठी मध्य ७.१ धरायचा.

अर्ध्या तरंगलांबीचं गणित साधं आहे: १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.०७ मीटर. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची पीव्हीसी वायर वापरली तर आवरणामुळे ती दोन-तीन टक्के आखूड लागते, म्हणजे साडेएकोणीस मीटरच्या आसपास. आता गच्ची बघा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण साधारण १६.६ मीटर. लिफ्टच्या खोलीवर ४ मीटरचा खांब उभा केला की मध्य ७ मीटरवर जातो. दोन्ही कोपऱ्यांत अडीच मीटरच्या काठ्या. प्रत्येक बाजूला आडवं अंतर ८.३ मीटर आणि चढ साडेचार मीटर, म्हणजे तारेची एक बाजू जवळपास ९.४५ मीटर. दोन्ही मिळून १८.९. उरलेला अर्धा-पाऊण मीटर दूरच्या काठीवरून कठड्याला समांतर वळवायचा. टोकाशी विद्युतप्रवाह जवळजवळ नसतोच, त्यामुळे शेवटचा मीटरभर भाग वाकवल्याने प्रसारणात फारसं काही जात नाही. फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, ती लांबीने भरून काढता येते.

काठ्या अडीच मीटरच्या का, हे नीट समजून घ्या. तारेच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सर्वाधिक असतं. ५० वॅटवर २४५० ओहमच्या टोकाशी साडेतीनशे व्होल्ट आरएमएस, १०० वॅटवर जवळजवळ पाचशे. एप्रिल-मेमध्ये याच गच्चीवर बायका कुरडया वाळत घालतात, मुलं खेळतात. उभ्या माणसाचा वर केलेला हातही टोकाला लागणार नाही, एवढी उंची हवीच. फीडच्या बाजूलाही तेच, कारण डब्यातून तार निघते तो स्क्रू हेही एक टोकच आहे.

मधल्या खांबाबद्दल एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ४० मीटरवर तारेच्या मध्यावर प्रवाह सर्वाधिक असतो, व्होल्टेज नगण्य. पण त्याच तारेवर २० आणि १० मीटरला मध्यावर व्होल्टेजचं शिखर येतं. लोखंडी जीआय पाइपच्या डोक्याला तार टेकली असेल तर ४० आणि १५ झकास चालतात, २० आणि १० मात्र रुसतात, आणि माणूस ट्रान्सफॉर्मर खोलून बसतो. खांबाचा वरचा दीड मीटर बांबू, फायबरग्लास किंवा जाड पीव्हीसीचा ठेवा. इमारतीच्या वीजरोधकाच्या दांडीला तार बांधण्याचा विचारही करू नका.

४९:१ ट्रान्सफॉर्मर

टोकाचा रोध दोन-तीन हजार ओहम, कोॲक्स ५० ओहमचा. मधे ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर हवा. ५० ते १०० वॅटसाठी एफटी२४०-४३ हा टोरॉइड, म्हणजे फेराइटचं कडं, घ्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे खालच्या श्रेणीच्या हौशी परवान्यावर ५० वॅटचीच मुभा आहे, तेवढ्याला तो पुरून उरतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी कडी इथे निरुपयोगी आहे. ती लोहचूर्णाची, वेगळ्या कामाची असते. राखाडी रंगाचं, कोणताही क्रमांक माहीत नसलेलं कडंही नको. ४३ क्रमांकाच्या फेराइटची पारगम्यता ८०० च्या आसपास, ६१ ची १२५. नजरेने फरक कळत नाही, आणि चूक निघाली की ४० मीटरवर एसडब्ल्यूआर काही केल्या खाली येत नाही.

वेढ्यांसाठी १८ गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीची इनॅमल तार सुमारे दीड मीटर. प्रायमरीचे २ वेढे, सेकंडरीचे एकूण १४. प्रायमरीची छोटी तार सेकंडरीच्या पहिल्या दोन वेढ्यांबरोबर पीळ देऊन घाला. एकूण ७ वेढे झाले की तार कड्याच्या आतून पलीकडे न्या आणि उरलेले ७ समोरच्या बाजूला घाला, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी टोकं समोरासमोर राहतात. प्रायमरी आणि सेकंडरीची सुरुवातीची टोकं एकत्र करून सॉकेटच्या बाहेरच्या कवचाला जोडा. प्रायमरीचं दुसरं टोक सॉकेटच्या मधल्या पिनला. पिन आणि कवच यांच्यामध्ये १०० पिकोफॅरड, ३ किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर. तो नसला तरी ४० आणि २० चालतात, पण १० मीटरवर एसडब्ल्यूआर चढतो.

डब्यात बसवण्याआधी टेबलावरच तपासा. सेकंडरीच्या टोकाला २.२ किलोओहम आणि २७० ओहम असे दोन छोटे कार्बन रेझिस्टर सरळ रांगेत जोडून नॅनो व्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं उपकरण) एसडब्ल्यूआर बघा. २१ मेगाहर्ट्झपर्यंत दीडच्या आत आणि २८ ला दोनच्या आसपास आलं की काम झालं. २८ ला फारच वर गेलं तर बहुधा जोडतारा लांब ठेवल्या आहेत. कपॅसिटरच्या पायांची लांबीसुद्धा मोजली जाते इथे. मल्टिमीटर लावला तर अँटेनाची तार आणि कोॲक्सचं कवच यांच्यात सरळ शॉर्ट दाखवेल. घाबरू नका, ट्रान्सफॉर्मरची रचनाच तशी आहे. कवच अर्थ केलेलं असेल तर तारेवर साचणारी स्थिर वीजही याच वाटेने निघून जाते.

या ट्रान्सफॉर्मरमध्ये साधारण १० ते २० टक्के शक्ती उष्णतेत जाते. एसएसबीवर (आवाज पाठवायची पद्धत) बोलताना ते जाणवत नाही. एफटी८ या संगणकी संदेशांच्या पद्धतीत मात्र दर पाळीला जवळजवळ तेरा सेकंद पूर्ण वाहक चालू असतो. ८०-१०० वॅट लावून अर्धा तास कॉल करत बसलात तर कडं इतकं तापू शकतं की त्याचे चुंबकीय गुणच हरवतात. चालू असतानाच एसडब्ल्यूआर हळूहळू वर सरकू लागला, तर हेच झालंय असं समजा, थांबा आणि थंड होऊ द्या. डबा पांढरा किंवा फिकट राखाडी घ्या. काळा डबा मेच्या उन्हात आधीच तापलेला असतो. खालच्या बाजूला ३ मिलिमीटरचं एक भोक ठेवा, आत धरलेलं पाणी तिथून गळून जातं.

आणि याच ट्रान्सफॉर्मरवर ८० मीटर जोडायचा मोह टाळा. प्रायमरीच्या दोन वेढ्यांचा रोध ३.५ मेगाहर्ट्झला १०० ओहमच्याही खाली येतो. तिथे ३ आणि २१ वेढे हवेत, आणि ४० मीटर लांबीची तार. ती या गच्चीवर बसत नाही.

काउंटरपॉइज आणि चोक

काउंटरपॉइज म्हणजे प्रवाहाला परतीची वाट देणारी वायर. अशा अँटेनांच्या जाहिरातीत "काउंटरपॉइजची गरज नाही" असं लिहितात. गरज असते. तो वेगळा दिला नाही तर कोॲक्सची बाहेरची जाळी ते काम करते, एवढंच. टोकाला फीड केलेल्या तारेला परतीची वाट लहान चालते: तरंगलांबीच्या पाच टक्के, म्हणजे ४० मीटरसाठी दोन मीटर. ट्रान्सफॉर्मरच्या कवचाच्या स्क्रूला दोन मीटर वायर जोडून काठीच्या बाजूने सोडा. किंवा डब्यापासून दोन मीटर कोॲक्स मोकळा सोडून मग चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं, कोॲक्स गुंडाळलेलं फेराइटचं कडं) बसवा, म्हणजे तेवढा कोॲक्सच काउंटरपॉइज होतो. काउंटरपॉइजशिवाय चोक थेट डब्याच्या तोंडाशी बसवणं ही हमखास होणारी चूक. त्याने एसडब्ल्यूआर अस्थिर होतो आणि वाऱ्याने तार हलली तरी काटा नाचतो.

चोकसाठी एफटी२४०-३१ वर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे. ३१ चं फेराइट खालच्या बँडवर ४३ पेक्षा चांगलं अडवतं, म्हणून ४० मीटर महत्त्वाचा असेल तर तेच घ्या. चोक नसल्याची लक्षणं ओळखीची आहेत: माइकला हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो, प्रसारण करताना संगणकाची यूएसबी तुटते, शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान ऐकण्यात होतं. डक्टमधून सात मजले उतरणारी कोॲक्सची जाळी वाटेतल्या प्रत्येक घरातल्या चार्जर आणि इन्व्हर्टरचा गोंगाट गोळा करून वर अँटेनापर्यंत नेते. रेडिओच्या जवळ आणखी एक तसाच चोक घातला तर ४० मीटरवरचा गोंगाट दोन-तीन एस-युनिट (रेडिओच्या सिग्नल-मापकावरचे आकडे) खाली आलेला अनेक ठिकाणी दिसतो. माझ्या मते पहिला खर्च चोकवर करावा, एसडब्ल्यूआर जुळवणाऱ्या महागड्या ट्यूनरवर नंतर.

कोॲक्स निवडताना लांबी बघा. ३० मीटर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झला सव्वा डेसिबलच्या आसपास जातं, २८ ला सुमारे अडीच. म्हणजे १० मीटरवर ५० वॅट दिले तर वर २८ पोचतात. आरजी-२१३ ला हाच तोटा निम्म्याहून कमी, पण तो बोटाएवढा जाड आणि डक्टमध्ये वळवायला कठीण. १५ मीटरपर्यंत आरजी-५८ पुरे.

ट्यूनिंग

तार साडेवीस मीटर कापा. कमी नको. अंतिम उंचीवर चढवा आणि मगच मोजा. कमरेच्या उंचीवर, आरसीसी स्लॅबच्या लोखंडाजवळ घेतलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही. ४० मीटरवर १० सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोहर्ट्झ फरक पडतो. समजा किमान एसडब्ल्यूआर ६.८५० ला आला आणि हवा आहे ७.०८० ला. फरक २३० किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण ६५ सेंटिमीटर. एकदम कापू नका. ५० सेंटिमीटर दुमडून तारेवर घट्ट गुंडाळा, मोजा, मग उरलेलं. सगळं जमल्यावर दुमडलेला भाग कापला तर पुन्हा थोडा फरक पडतो, म्हणून मी दुमड तशीच ठेवायला सांगेन.

आता वरचे बँड. तारेचे वरचे अनुनाद (ज्या फ्रिक्वेन्सींना ती नीट जुळते) बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट येत नाहीत, थोडे वर सरकतात. ४० ला ७.०८० जमवलं की १० मीटरचा अनुनाद अनेकदा २९ च्या जवळ जातो, आणि आपल्याला बहुतेक काम २८.० ते २८.६ मध्ये असतं. त्यावर उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर तारेतच एक छोटं कॉइल: २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर ६ वेढे, दीड सेंटिमीटरात पसरलेले, म्हणजे एका मायक्रोहेन्रीच्या जरा आत. तिथेच का? ४० मीटरवर ती जागा टोकाजवळची, प्रवाह कमी, म्हणून कॉइलचा परिणाम थोडा. १० मीटरवर पाव तरंगलांबी अडीच मीटर, म्हणजे तिथे प्रवाह जवळजवळ शिखरावर, म्हणून कॉइल पूर्ण जोर लावतं आणि १० चा अनुनाद खाली ओढतं. आधी लांबीने ४० जमवा, मग वेढे जवळ-लांब करून १० जमवा, मग पुन्हा ४० बघा. १५ आणि २० जे मिळेल ते घ्या, दोनच्या आत असतील तर हात लावू नका.

३०, १७ आणि १२ मीटरवर ही तार चालवायचा हट्ट करू नका. रेडिओतला ट्यूनर कदाचित एसडब्ल्यूआर एक दाखवेल, पण त्या बँडवर टोकाचा रोध २४५० च्या जवळपासही नसतो आणि ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतो.

उंचीबद्दल अपेक्षा खरी ठेवा. स्लॅबपासून ७ मीटरवरची ही तार ४० मीटरवर बहुतेक शक्ती वर फेकते. मुंबईहून कोल्हापूर, पुण्याहून नागपूर अशा दिवसाच्या गप्पांना तेच हवं. २० आणि त्यावरच्या बँडवर मात्र इमारतीची उंची मदतीला येते. सातव्या मजल्यावरच्या गच्चीवरून १० मीटरवर युरोप-जपान ५० वॅटमध्ये मिळतो, बँड उघडा असेल तर.

मधून फीड करता आलं तर

कोॲक्स लिफ्टच्या खोलीपाशी उतरवता येत असेल तर फॅन डायपोल जास्त चांगला. ट्रान्सफॉर्मरचा तोटा नाही, तोल राखलेला असल्याने गोंगाटही कमी. एकाच फीडला तीन जोड्या: ४० साठी प्रत्येक बाजू १० मीटर, २० साठी ५, १० साठी अडीच. १५ वेगळा लागत नाही, ४० ची तार तिसऱ्या पटीला चालते, फक्त अनुनाद २१.५ च्या आसपास वर जातो. तारांमध्ये किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि टोकं वेगवेगळ्या दिशांना ताणा. एकमेकींना लगटून सोडल्या तर १० मीटरची पट्टी अरुंद होते आणि पावसात सगळं सरकतं. ट्यूनिंग लांब तारेपासून सुरू करायचं. फीडला १:१ चा चोक हवाच. अडचण इतकीच की सहा टोकांना सहा दोऱ्या लागतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एक तार पटते, सहा पटत नाहीत.

फक्त बाल्कनी असेल तर

मग मॅग्नेटिक लूप, म्हणजे कंडेन्सरने जुळवायचं नळीचं एक वेटोळं. २२ मिलिमीटर तांब्याच्या नळीचा एक मीटर व्यासाचा लूप १४ मेगाहर्ट्झला खरंच चांगला आहे: प्रसारण-रोध (लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या शक्तीचा वाटा) सुमारे ०.१ ओहम, तांब्याचा रोध ०.०४५, म्हणजे दोन तृतीयांश शक्ती बाहेर पडते. ७ मेगाहर्ट्झला प्रसारण-रोध ०.००६ वर घसरतो आणि कंडेन्सरचा, सांध्यांचा तोटा धरला नाही तरी १६ टक्केच उरतात. एक सैल स्क्रू-क्लॅम्प पुरतो तेही घालवायला. सांधे झाळूनच घ्या. अनुनादासाठी ४० मीटरवर सुमारे २०० पिकोफॅरड लागतात, २० वर ५०. जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर चालतो, दोन्ही भाग एकापाठी एक जोडून, पण ५ वॅटपर्यंतच. १०० वॅटला तिथे चार-पाच हजार व्होल्ट येतात आणि पात्यांमधून ठिणग्या उडतात. दहा किलोहर्ट्झ सरकलात तरी पुन्हा ट्यून करावं लागतं, म्हणून स्लो मोशन ड्राइव्ह लावा आणि दांडा प्लॅस्टिकचा ठेवा. फीडसाठी २० सेंटिमीटर व्यासाचा छोटा लूप, कंडेन्सरच्या बरोबर समोर. दहा वॅटलाही लूपपासून दोन मीटर लांब बसा.

पावसाळा

कोॲक्सच्या पीएल-२५९ प्लगच्या जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप दुप्पट ताणून, मग वरून साधी पीव्हीसी टेप. डब्याआधी कोॲक्सला खाली एक वळसा द्या, पाणी तिथून टपकेल. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त. आभाळ भरून आलं की कोॲक्स रेडिओपासून काढा आणि मोकळं टोक खिडकीबाहेर ठेवा, टेबलावर नको. संक्रांतीनंतर तारेत अडकलेला मांजा काढून टाका. वाऱ्यात तो वायरचं आवरण कापत राहतो.

कोॲक्समध्ये पाणी शिरलं की जाळी काळी पडते आणि तोटा वाढतो. फसवं असं की त्यामुळे रेडिओपाशी एसडब्ल्यूआर आधीपेक्षा चांगला दिसायला लागतो, कारण परत येणारी शक्ती वाटेतच जिरते. म्हणून नवा कोॲक्स टाकताना वरचं टोक मोकळं सोडून खालून नॅनो व्हीएनएवर २८ मेगाहर्ट्झचा रिटर्न लॉस (जाऊन परत येताना शक्ती किती घटली ते) मोजा आणि लिहून ठेवा. त्याच्या निम्मा म्हणजे एकेरी तोटा. २५ मीटर आरजी-५८ ला साधारण ४ डेसिबल रिटर्न लॉस दिसायला हवा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हेच मोजा. आकडा ६ वर गेला की कोॲक्स बदला.